चौदा हजार प्रश्न

३ मार्च, सोमवार

तीन आठवडे! साहेबांनी सकाळी बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "जातं ठेवायचं की काढायचं, एकदाचं सांगून टाका. तुम्ही म्हणाल ते." मी म्हणजे मी एकटा. समिती नाही, मतदान नाही. चोवीस तारखेला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं – तोंडाने. हे शेवटचं त्यांनी अगदी सहज सांगितलं. 

जातं म्हणजे हेडबाईंनी अकरा वर्षांपूर्वी एकहाती लिहिलेलं आमचं टेस्टिंगचं फ्रेमवर्क. सगळं त्यातून दळून निघतं म्हणून जातं. आणि हेडबाई – त्यांच्याबद्दल काय लिहू? ऑफिसातल्या सर्वांत ज्येष्ठ. पोरासोरांचा कोड छापून घेऊन लाल पेनाने तपासायच्या, म्हणून हेडबाई. मला माणसात आणलं त्यांनी. वर्षअखेरीला निवृत्त होणार. हल्ली फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात.

आज नेमका सोमवार. माझ्या टेबलाशी थांबल्या. "चेहरा का असा? दात दुखतोय?"

मी म्हटलं, हो.

पहिल्याच दिवशी खोटं बोललो!

४ मार्च, मंगळवार

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती दातांच्या कवळ्या बनवते. माझ्या कामातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण प्रश्न नेमके विचारते.

म्हटलं, रक्तपेढीतली कुठली पिशवी कुठल्या रुग्णाला चालेल ते आमचं सॉफ्टवेअर सांगतं. टेस्ट म्हणजे त्याला घातलेला प्रश्न, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. या बाईला ही पिशवी द्यायची का? सॉफ्टवेअरने नाही म्हणायला हवं. म्हणालं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. असे चौदा हजार प्रश्न आहेत. कोणी एक ओळ जरी बदलली तरी सगळे पुन्हा विचारायचे. ते विचारणारं यंत्र म्हणजे जातं.

"मग विचारतंय ना नीट?"

"विचारतंय. सव्वासहा तास लावतं. आणि बिघडलं तर दुरुस्त करणारी दोनच माणसं – त्या आणि मी."

"आमचं बरंय बाई. कवळी चुकली तर दुसऱ्या दिवशी माणूस ती हातात घेऊन दारात उभा." मग म्हणाली, "बदला की. सगळे वापरतात ते तयार काहीतरी मिळत असेलच."

"मिळतं. पण हे हेडबाईंचं आहे."

तिने माझ्या ताटात पोळी टाकली. "मग तू यंत्राचा विचार करतच नाहीयेस, राजा."

६ मार्च, गुरुवार

आज खरंच यंत्राचा विचार केला. दिवसभर.

काढावं असं म्हणायला पुष्कळ आहे. सव्वासहा तासांचा पाऊण तास होईल. नवीन माणूस आला की त्याला जातं शिकवायला चार महिने जातात. पाहुण्याचंच बघा – पन्नाशीचा गृहस्थ, दुसऱ्या कंपनीत वीस वर्षं काढून आला, इथे येऊन वर्ष झालं आणि अजून दाराजवळच्या टेबलावर बसतो, म्हणून पाहुणा. परवा मला म्हणाला, "तुमचं जातं म्हणजे सासूबाई आहेत. काय बिघडलं ते सांगत नाहीत, नुसत्या रुसतात."

ठेवावं असं म्हणायलाही आहे. चौदा हजार प्रश्न उचलून दुसरीकडे न्यायचे म्हणजे घर हलवण्यासारखं. काय फुटलं ते सहा महिन्यांनी कळतं. आणि जात्यात नुसते प्रश्न नाहीत, त्यांच्या शेजारी बाईंची टिपणं आहेत. आज एक वाचलं – "ही टेस्ट कशाला, असं विचारू नका. एका बाळंतिणीला चुकीची पिशवी जाता जाता राहिली आहे." दुसरं – "इथे घाई केली. माफ करा."

कोणाची माफी मागत होत्या? वाचणाऱ्याची. म्हणजे माझीच!

मी इथे लागलो तेव्हा पंधरा माणसांसमोर सांगायची वेळ आली, एक टेस्ट लाल का झाली ते. पहिल्याच शब्दाला अडखळलो. लहानपणापासूनचं आहे हे; काही अक्षरं घशातच बसून राहतात. कोणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "याचं मला लेखी पाहिजे. लिहून दे रे, मी वाचते." जसं काही त्यांनाच लेखी हवं होतं! त्यानंतर बारा वर्षं मी लिहितोय, त्या वाचताहेत.

अशा माणसाचं काम मोडीत काढायचं?

मनाने कौल देऊन टाकला आहे. ठेवायचं. कारणं मागाहून शोधीन.

७ मार्च, शुक्रवार

बाई आल्या होत्या. सांगणार होतो. नाही सांगितलं. दाताला लवंगेचं तेल लाव म्हणाल्या.

१० मार्च, सोमवार

ठेवायचं म्हटलं तरी नुसतं "वाटतं" म्हणून चालणार नाही. करून बघितलं असं तरी म्हणता आलं पाहिजे. म्हणून नमुन्यादाखल तीनशे टेस्ट तयार फ्रेमवर्कमध्ये नेल्या. सर्वांत संथ असतात त्याच घेतल्या – एकाच रुग्णाच्या दोन नोंदी चुकून झाल्या तर त्या एकत्र करतात, त्या भागातल्या.

अकरा लाल! जात्यात याच तीनशेच्या तीनशे हिरव्या.

खरं सांगायचं तर आनंद झाला. म्हटलं, बघा, तुमचं नवीन यंत्र साध्या प्रश्नांना चुकतं! दहांमध्ये माझीच चूक निघाली, नेताना झालेली, दुरुस्त केल्या. अकरावी काही केल्या हिरवी होईना.

११ मार्च, मंगळवार

हे आजच लिहायला हवं.

सकाळी पाहुणा माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "ही अकरावी तुमच्या जात्यात चालते तरी का? वेळ बघा तिची."

वेळेचा रकाना मी कधी बघतच नाही. शून्य सेकंद. जी टेस्ट नुसती तयारीलाच मिनिटभर घेते, ती शून्य सेकंदात पास!

जात्याच्या पोटात शिरलो. तासाभरात सापडलं. एखाद्या टेस्टच्या तयारीला तीस सेकंदांहून जास्त लागले तर जातं ती सोडून देतं, तिची वेळ शून्य लावतं, आणि सोडलेली टेस्ट हिरव्यांत मोजतं. म्हणजे प्रश्न विचारतच नाही, आणि उत्तर बरोबर आलं असं सांगतं. त्या ओळीवर बाईंचं टिपण – "तात्पुरतं. सोमवारी काढणे."

तारीख नऊ वर्षांपूर्वीची. साडेचारशेच्या वर सोमवार होऊन गेले.

अशा दोनशे बारा टेस्ट निघाल्या. अकरावी त्यातलीच. ती काय विचारत होती? काही रुग्णांच्या रक्तात असं काहीतरी असतं, की गट जुळूनही ठरावीक पिशव्या चालत नाहीत. नोंदीत तशी सूचना असते. दोन नोंदी एकत्र केल्यावर ती सूचना टिकते का? – एवढाच प्रश्न. टिकत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही तो भाग नव्याने लिहिला तेव्हापासून टिकत नाही. प्रश्न बाईंनी बरोबर विचारून ठेवला होता. त्यांच्याच जात्याने तो तीन वर्षं गिळला.

दुपारपर्यंत यादी काढली. सूचना गळालेले एकेचाळीस रुग्ण. जीव मुठीत धरून एकेकाची पुढची नोंद बघितली. कोणालाही चुकीची पिशवी गेलेली नाही. बहुतेकांना पुन्हा रक्त लागलंच नाही. दोघांच्या वेळी रक्तपेढीतल्या माणसाने स्वतः तपासून थांबवलं होतं. पण एकाची शस्त्रक्रिया परवा, गुरुवारी. पिशव्या राखून ठेवलेल्या. त्यातल्या दोन चुकीच्या.

साहेब विमानात. बाईंचा आज दिवस नाही. बाकीच्या चाळीस जणांबद्दल ग्राहकसेवेच्या लोकांनी रुग्णालयांना पत्रं धाडली, पण या एकासाठी पत्राची वाट कोण बघणार! पाहुणा म्हणाला, मी करतो फोन. पण "म्हणजे नक्की काय झालंय?" असं तिकडून विचारलं तर सांगणार कोण? मलाच करायला हवा होता.

फोन! ज्याच्यासाठी मी गल्लीतल्या दुकानदारालाही चिठ्ठी लिहून देतो.

"रक्तपेढी" यातल्या "र"वरच अडकलो. पलीकडे एक बाई. अर्धा मिनिट तिला नुसता माझा श्वास ऐकू आला असेल. वाटलं, आता ठेवणार. पण म्हणाली, "सावकाश सांगा. मी आहे."

सांगितलं. सगळं. पाच-सहा ठिकाणी अडकलो. तिने एकदाही माझा शब्द स्वतः पुरा केला नाही. शेवटी माझंच बोलणं मला परत वाचून दाखवलं, म्हणाली, "दोन्ही पिशव्या बाजूला काढल्यात. बघा, माझ्या हातात आहेत."

फोन ठेवला तर पाहुण्याने पाण्याचा पेला पुढे केला. 

१२ मार्च, बुधवार

बाईंना सांगितलं. आधी लिहून काढलं होतं. कागद खिशातच राहिला.

त्यांनी माझ्या खुर्चीत बसून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"हे मी लिहिलंय."

"हो."

"पहिली आवृत्ती द्यायची होती. शुक्रवार होता. मशीन इतकं सुस्त, की सकाळपर्यंत टेस्ट संपल्याच नसत्या." मग एकदम – "तो गुरुवारचा रुग्ण?"

"बंदोबस्त झालाय. काल फोन केला."

"कोणी?"

"मी."

चष्मा काढून बघितलं माझ्याकडे. पुन्हा लावला.  पर्स उचलली आणि चार वाजताच गेल्या. बाई चार वाजता कधी जात नाहीत.

आईच्या हातून भांडं फुटल्याचं घरभर सांगत सुटावं, तसं वाटतंय.

१३ मार्च, गुरुवार

रक्तपेढीतून निरोप आला. "शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या पिशव्या दिल्या. रुग्ण बरा आहे." तीनदा वाचला.

१४ मार्च, शुक्रवार

बाई आल्या नाहीत. निरोप पाठवला. वाचल्याची खूण उमटली. उत्तर नाही.

१५ मार्च, शनिवार

बायको म्हणाली, "निरोप काय पाठवतोस? जा की घरी. चल, मीही येते." बारा वर्षांत मी कधी त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

तिसरा मजला. दारात कुंड्या, एकीत कोथिंबीर. बाईंनी दार उघडलं – घरातले कपडे, केस मोकळे, हाताला लाल शाई. आत टेबलावर कागदांचा ढीग. दोनशे बारा टेस्ट छापून घेतल्या होत्या आणि एकेक तपासत होत्या.

"मला वाटलं, रागावलात."

"रागावलेच होते. पण तुझ्यावर रागावून कसं चालेल? तू तर बरोबर होतास. मग रागवायचं कोणावर, हे शोधण्यात दोन दिवस गेले." मग बायकोला म्हणाल्या, "ये गं, बस. हा घरी बोलतो का काही?"

"भांडताना व्यवस्थित बोलतो," बायको म्हणाली.

बाई इतक्या हसल्या! मला मागल्या खेपेला त्यांचं हसणं कधी ऐकलं तेच आठवेना.

मग एकेक कागद घेऊन सांगत बसल्या. ही एका मुलीमुळे लिहिली, तिचं आडनाव लग्नानंतर बदललं होतं. ही जुळ्या भावांमुळे. जन्मतारीख एकच, नोंदी एकमेकांत मिसळल्या. माझ्यासाठी ते टेस्टचे नंबर होते, त्यांच्यासाठी माणसं. बायको हनुवटीला हात लावून ऐकत होती. मध्येच एका कागदाशी बाई थांबल्या. "ही अकरावी. हिच्यासाठी मी दीड महिना एका डॉक्टरांच्या मागे लागले होते. आणि मग माझ्याच हाताने..."  बायकोने कागद त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आपल्या जवळ ठेवला.

निघताना एकदाचं बोललो. जातं काढायचं का ते मला ठरवायचंय, चोवीसला सांगायचंय, दोन आठवडे तुमच्यापासून लपवतोय. दात दुखत नव्हता.

"दात दुखत नव्हता ते कळलं होतं मला. लवंगेचं तेल लावलं असतंस तर वास आला असता."

"तुमचं काय मत?"

"माझं? पोरगं कसं आहे ते त्याच्या आईला विचारतात का कधी? तू बघ. तू बघशील ते नीट बघशील."

जिन्यात बायको म्हणाली, "आता तरी यंत्राचा विचार कर."

१९ मार्च, बुधवार

करतोय. आज बऱ्याच दिवसांनी डोकं स्वच्छ होतं.

चूक माझी इथे होती – जातं आणि बाई हे मी एकच धरून चाललो होतो. बाईंचं खरं काम म्हणजे प्रश्न. ते विचारणारं यंत्र त्यांनी बनवलं, कारण तेव्हा दुसरं काही हाताशी नव्हतं. यंत्र आता थकलंय. थकलेलं यंत्र चालेल; जे गप्प राहून हिरवा दिवा दाखवतं ते नको.

पण तयार फ्रेमवर्कवरही डोळे मिटून विश्वास टाकायचा नाही. प्रत्येक टेस्ट तिकडे नेल्यावर सॉफ्टवेअर मुद्दाम एकदा बिघडवायचं. टेस्ट लाल झाली तरच तिचं हिरवं खरं. चौदा हजार वेळा! पाहुण्याला सांगितलं तर डोक्याला हात लावला त्याने. मग म्हणाला, "आठ महिने लागतील. मी आहे." आणि आपलं टेबल ओढत माझ्या शेजारी आणलं. आता पाहुणा म्हणायचं कसं?

तोवर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालवायची. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर माणसाने बघायचं. आणि बाईंची टिपणं जशीच्या तशी न्यायची, माफीसकट.

बाकीच्या दोनशे अकरांपैकी एकच लाल निघाली – पिशवीवर चिकटवायच्या छापील पट्टीवर लांब आडनावाचं शेवटचं अक्षर कापलं जातंय. देव पावला.

२३ मार्च, रविवार

उद्या. बायकोसमोर चारदा बोलून दाखवलं. चारदा वेगवेगळ्या शब्दांना अडलो. म्हणाली, "म्हणजे ठरावीक असा एकही शब्द वाईट नाही." ही बाई कवळ्या बनवण्यात वाया जातेय!

२४ मार्च, सोमवार

झालं.

खोलीत बावीस माणसं. बाई कोपऱ्यात, हात मांडीवर. लिहिलेला कागद मी सवयीने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. नुसती मान हलवली – नाही.

 बारा वर्षांत पहिल्यांदा!

पहिलं वाक्य यायला किती वेळ लागला कोण जाणे. कोणी हललं नाही. कोणी घड्याळ बघितलं नाही, निदान मला तरी दिसलं नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या, भाताच्या कुकरची शिटी होण्याची वाट बघावी तितक्या निवांत. मग आलं – "प्रश्न ठेवायचे. विचारणारा बदलायचा." पुढचं आपोआप येत गेलं. अडखळत, थांबत, पण माझं मी. नऊ वर्षांपूर्वीची ती ओळ दाखवायची वेळ आली तेव्हा मी "जुन्या कोडमध्ये एक ओळ" एवढंच म्हणालो. कोपऱ्यातून बाईंचा आवाज आला – "ती माझी. पुढे सांग."

साहेबांनी विचारलं, काही शंका? एकाने विचारलं, आठ महिने का, चारांत नाही का होणार? मी म्हटलं, नाही. हा शब्द एका दमात आला!

नंतर जिन्याशी बाईंना गाठलं. म्हटलं, कागद का नाही घेतला? म्हणाल्या, "डिसेंबरनंतर कोण वाचणार होतं?" आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.  

२५ मार्च, मंगळवार

झोपलो. दहा तास.

२८ मार्च, शुक्रवार

कामाला मंजुरी आली. फाइलला एक जुना कागद जोडायचा राहिला होता, म्हणून साहेबांनी आज मला दिला. म्हणाले, "आता बघायला हरकत नाही."

हेडबाईंनी साहेबांना लिहिलेलं पत्र, माझ्याबद्दल. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. "जातं काढून टाकावं असं मला वाटू लागलं आहे. मीच लिहिलेलं असल्यामुळे त्यातल्या चुका मला दिसेनाशा झाल्या आहेत. पण हे मी सांगितलं तर तो फक्त माझ्या शब्दाला मान देईल. त्याला स्वतः बघू द्यावं. माझं नाव सांगू नये. तो बोलेल तेव्हा मध्ये कोणी बोलू नये."

आणि मी तीन आठवडे त्यांना सांभाळत होतो!